दुधात भिजवलेला मका

सकाळी नळावर बायका जमल्या की पहिला विषय सासू. कुणाच्या सासूला आमटी पचपचीत लागायची, कुणाच्या सासूला भाकरी जाड वाटायची, आणि एकीची सासू तर सुनेच्या हातची भाजी ताटात घेऊन सगळ्या आळीला दाखवत फिरायची म्हणे. मी आपली बादली घेऊन गप्प उभी असायचे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. माझ्या सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवलं नाही, कारण त्यांनी तो कधी तोंडातच घातला नाही.

आम्ही कामोठ्याचे आगरी. वडलांचं मिठागर होतं, खाडीला लागून. मी सातवीची फायनल पास झाले, पनवेलला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले आणि मुलांच्या शाळेतल्या एका मास्तराशी लग्न करून बसले. मास्तर ब्राह्मण, सडपातळ, आणि अंडी खायला एका पायावर तयार. माझ्या वडलांनी वर्षभर अबोला धरला. सासूबाईंनी तोही धरला नाही. त्यांनी रडून गोंधळ घातला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी फक्त घराची वाटणी केली. आतलं स्वयंपाकघर त्यांचं, मागची पडवी माझी. त्या दिवसांत सरहद्दीचे वाद रोज पेपरात यायचे. आमच्या घरात सरहद्द म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरठा, आणि तिथे वाद नव्हताच. मी तो ओलांडायचा नाही, एवढंच.

माझ्याशी त्या बोलायच्या, पण माझ्याकडे बघून नाही. दाराच्या चौकटीकडे बघून म्हणायच्या, "मास्तरीणबाईंना म्हणावं, सरपण ओलं आहे." मग मीही चौकटीला उत्तर द्यायचे. त्या चौकटीने आमच्या घरात जेवढं ऐकलं तेवढं माझ्या नवऱ्यानेही ऐकलं नसेल. तो पेपरात डोकं घालून बसायचा. एक वेळ त्यांच्याकडे सोवळ्यातला भात, दुसऱ्या वेळी माझ्याकडे बोंबील, असं दोन्हीकडे जेवून तो गुटगुटीत होत चालला होता.

मजा म्हणजे त्या सोवळ्यातल्या भातात मीठ आमच्याच आगरातलं असायचं. आमच्याकडचा गाडीवाला पनवेलभर मीठ विकत फिरायचा, तोच यांच्या दारी यायचा. मिठाला विटाळ नसतो, असं मला चौकटीकडून कळलं होतं. माझ्या बापाने घाम गाळून काढलेलं मीठ चालतं, मी उकळलेलं पाणी चालत नाही. असो.

दोन-तीन वर्षं अशी गेल्यावर सासूबाई मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, पुढे फक्त बोटांची टोकं तेवढी बाहेर. प्लास्टर घालणारा कंपाउंडर मुसलमान होता. तिथे त्यांनी काही विचारलं नाही. दवाखान्यात सगळं चालतं, हा नियम मला त्या दिवशी कळला.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. यांना रांधून कोण घालणार? शेजारचं घर त्यांच्यातलंच होतं, पण शेवग्याच्या शेंगांवरून त्या घराशी बोलणं बंद होतं आणि आधी कोण बोलणार हे ठरायचं होतं. मग नवऱ्याने कंबर कसली. पहाटे आंघोळ करून, ओला पंचा नेसून तो सोवळ्यात भात करायला बसला. ओल्या हाताने काडी पेटेना. पेटली तेव्हा चूल धुमसली. भात खाली करपला, वर कच्चा राहिला आणि मधे लापशी झाली. वर्गात मुलांना भागाकार शिकवणारा माणूस डोळे पुसत बाहेर आला. सासूबाईंनी दोन शितं खाल्ली आणि म्हणाल्या, "छान झालाय हो." मुलाच्या भाताला त्यांनी नाव ठेवलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून जेवणही नको म्हणाल्या.

दूध आणि केळी, यावर त्या राहू लागल्या. शिवाय घास घेणार कसा, हा आणखी एक घोळ. उजव्या हाताने भात कालवता येईना, भाकरी मोडता येईना. डाव्या हाताने खायचं नाही. मुलाने भरवलं तर लाज वाटायची. दोन बोटांच्या चिमटीत केळ्याची चकती धरून त्या हळूहळू तोंडाकडे न्यायच्या आणि निम्म्या वेळी ती पदरावर पडायची. पंधरा-वीस दिवसांत त्या एवढ्या वाळल्या की लुगडं नेसताना निऱ्या वाढायला लागल्या. मला त्यांचा राग यायचा आणि कणवही यायची. कणव आली की राग आणखी वाढायचा.

बाजारच्या दिवशी माझी आई कामोठ्याहून आली. पडवीत टेकली आणि आत डोकावून हळूच म्हणाली, "तुजी सासू उपाशी मेली त नाव तुजंच येल. सगला पनवेल बोलंल, आगऱ्याचे पोरीनं मारली."

"मंग मी काय करू? नाय खात ती माजे हातचं."

"मास्तरीन हायस ना? कर कायतरी."

जाताना तिने चार अंडी ठेवली. आमच्याकडे दुःखावर उपाय म्हणून अंडी देतात.

आई बोलली ते खोटं नव्हतं. नळावर मला बघून आवाज कमी व्हायला लागले होते. पण नळापेक्षा मला त्या चिमटीतल्या केळ्याचा त्रास जास्त व्हायचा. एका घरात राहून एक बाई माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती आणि माझ्या पडवीत चूल पेटलेली होती.

त्या काळात रेशनवर तांदूळ चिमूटभर आणि अमेरिकेचा पिवळा मका पोतंभर मिळायचा. पनवेलच्या कोंबड्यांनी एवढी चैन पुन्हा कधी केली नसेल. चक्कीवाला मका दळायला कुरकुर करायचा, भाकरी थापली की तव्यावर जायच्या आधीच तिचा नकाशा व्हायचा. लोकांना हा मका खायला शिकवावा म्हणून आम्हा शिक्षकांचं एक शिबिर झालं होतं. साडी नेसलेली एक अमेरिकन बाई आली होती. तिने बिस्किटाच्या मोठ्या डब्यात वाळू तापवली, त्यात छोट्या छोट्या वाट्या ठेवल्या आणि मक्याचे इवलेसे पिवळे केक भाजून काढले. त्याला ती मफिन म्हणाली. एका घासाचा एक. आम्ही सगळ्यांनी खाऊन माना डोलावल्या. मग दुभाष्याने सांगितलं की यात अंडं आहे, तेव्हा दोन गुरुजी बाहेर जाऊन चुळा भरून आले. मी त्यांच्या वाटचे खाल्ले.

ते मफिन मला आठवले ते आकारामुळे. मोडायला नको, कालवायला नको. दोन बोटांत धरायचं आणि तोंडात टाकायचं. आकाराचं जमलं, पण हात माझाच होता. मग मला दशमी आठवली.

सासूबाई पेणला बहिणीकडे निघाल्या की बरोबर दशम्या घ्यायच्या. पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवायचं, त्याची भाकरी म्हणजे दशमी. पाणी लागलेलं नसल्यामुळे ती खरकटी होत नाही, सोवळं मोडत नाही. एरवी कुणाचा पदर लागला तरी आंघोळ करणाऱ्या सासूबाई एसटीत कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसून ती खुशाल खायच्या. म्हणजे सगळा गोंधळ पाण्याचा होता. माझ्या हाताचा नव्हता, पाण्याचा.

मी उंबरठ्याशी जाऊन चौकटीला विचारलं, "दशमी कुणाच्याही हातची चालते का?"

आतून केळ्याची ताटली सरकवल्याचा आवाज आला. मग चौकटीला उत्तर मिळालं, "दुधात भिजवलेलं असलं तर दोष नाही. प्रवासात."

"आणि हात मोडला असला तर?"

"तेही संकटच म्हणायचं."

एवढं मला पुरे होतं. नवऱ्याला माळ्यावर चढवून त्यांचं जुनं आप्पेपात्र काढायला लावलं. शेणाच्या गोवरीसारखं काळं झालं होतं. ते त्यांचंच असल्यामुळे जातीने शुद्ध होतं, फक्त घासायला हवं होतं. चिंच आणि राख लावून मी ते असं घासलं की सात खळगे आरशासारखे चमकायला लागले.

पहिला घाणा मी त्या अमेरिकन बाईच्या पद्धतीने केला. तिने आंबट ताक घातलं होतं, मीही घातलं. अंडी शिंक्यातून माझ्याकडे बघत होती. मोह झाला नाही असं म्हणणार नाही, पण शपथेवर सांगते, घातली नाहीत. आप्पेपात्र शेगडीवर ठेवलं, वर तवा झाकला, तव्यावर निखारे. वास सुटला तसा नवरा पेपर टाकून पडवीत आला. सोनेरी रंगाचे, वरून तडकलेले, असे सात मफिन मी ताटलीत घेतले आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

"ताक घातलंय का?"

"हो."

"ताकात पाणी असतं."

मी कपाळाला हात लावला. दही घुसळताना पाणी घालतात, हे मी जन्मापासून बघत आले होते आणि तरी डोक्यात आलं नाही. ते सात मफिन मी आणि नवऱ्याने खाल्ले. रागाच्या भरातही चांगले लागले.

दुसऱ्या दिवशी ताकाच्या जागी दही घेतलं. मक्याचं पीठ, दही, दूध, गूळ, सोडा, मीठ, साजूक तूप. सोड्याबद्दल आतून काही विचारणा झाली नाही, त्याची जात कुणाला माहीत नव्हती. ताटली नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ती उंबरठ्यापलीकडे नेऊन ठेवली आणि बाजूला झाला. मी चौकटीला टेकून बघत उभी राहिले.

सासूबाईंनी दोन बोटांनी एक मफिन उचलला. उलटसुलट करून पाहिला, हुंगला. तोंडात टाकला. चावत राहिल्या. मग दुसरा घेतला, मग तिसरा. सगळे संपल्यावर लुगड्यावरचे कण टिपले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दोष नाही."

बस, एवढंच. गोड झालं नाही, आंबट झालं नाही, फुगलंय, बसलंय, काही नाही. दोष नाही म्हणे. मी मफिन केला होता की कोर्टात आरोपी उभा केला होता? तरी त्या दिवशी मी शाळेत मुलींना विनाकारण अर्धी सुट्टी लवकर दिली.

मग हे रोजचंच झालं. शाळेआधी एक घाणा, शाळेनंतर एक घाणा. सासूबाईंच्या गालांवर थोडं मांस आलं. पोत्यातला मका संपायला लागला तशी शेजारणीकडे न खाता पडून असलेला मका मी मागून आणला, आणि शेंगांचं भांडणही त्या निमित्ताने अर्धं मिटलं. सासूबाईंचं मत मात्र "दोष नाही" याच्या पुढे सरकलं नाही. मी गूळ वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. वेलची घातली. दोष नाही. एकदा मुद्दाम मीठच विसरले. दोष नाही. दशमी ही खायची गोष्ट आहे, तिला चव असते हे त्या मान्य करायला तयार नव्हत्या. चव आहे म्हटलं की ती कुणाच्या तरी हाताची आहे म्हणावं लागतं.

आता या सगळ्या शास्त्राचा भार ज्याच्या डोक्यावर होता तो आमचा दूधवाला. विचुंब्याहून यायचा. त्याच्या दुधात पाणी असतं हे सगळ्या पनवेलला माहीत होतं. सासूबाई रोज सकाळी नखावर थेंब घेऊन बघायच्या आणि रोज त्याला सुनवायच्या. तो रोज म्हणायचा, "आई, म्हस पानी पिते, तेला मी काय करू?" यात भांडण नव्हतं. हा त्यांचा दोघांचा नमस्कार होता. गवळ्याने घातलेलं पाणी हे पाणी नसतं, दूधच असतं, असा सगळ्यांचा समज होता. मीही त्या समजात खूश होते.

पण हात गळ्यात बांधल्यापासून सासूबाईंना सकाळी काम उरलं नव्हतं. चुलीपुढे बसायची वेळ त्या बाहेर ओट्यावर बसून काढू लागल्या. आणि एका रविवारी, ओट्यावर बसल्या बसल्या, त्यांनी कोपऱ्यावरच्या नळाखाली दूधवाल्याची किटली बघितली. नळ धो धो वाहत होता आणि दूधवाला शेजारी उभा राहून विडी ओढत होता.

तो दारात आल्यावर सासूबाईंचा जो आवाज चढला तो आम्ही पडवीत ऐकला. "डोळ्यांदेखत? माझ्या डोळ्यांदेखत पाणी घालतोस?"

"आई, आज काय नवीन हाय? माजा बापूस पन घालायचा. तुमी तवा पन पीत व्हत्या."

"चालता हो. पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस."

"बरा. दुसरा बघा," असं म्हणून त्याने किटली उचलली आणि तो गेला. तोही माणूस होता, त्यालाही राग येतो.

नवरा तांब्या घेऊन दूध शोधायला गेला आणि दोन तासांनी रिकामा तांब्या घेऊन आला. सगळ्यांचं दूध बांधलेलं, रतीबाशिवाय थेंब मिळेना. घरातलं दही आदल्या दिवशीच संपलं होतं. केळीही नव्हती. सासूबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुपारचं जेवण आम्ही दोघांनीही तसंच झाकून ठेवलं. मी परातीत मक्याचं पीठ, गूळ, मीठ काढून ठेवलं होतं. ते तसंच कोरडं पडून होतं.

शेवटी माझा तोल गेला. मी उंबरठ्याशी गेले आणि चौकटीला नाही, सरळ त्यांना बोलले, तेही कामोठ्याच्या भाषेत. "इतके दिस पानीच खालंत तुमी. माजे हातचं पानी. काय झालं? आभाल पडलं? आता मरा उपाशी, मी नाय बघनार."

नवरा पेपर खाली ठेवून उभा राहिला. मी पडवीत येऊन शेगडीपुढे बसले आणि रडले. रागाने रडले, हे आधीच सांगते.

बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली. नवरा असेल म्हणून मी मान वळवली नाही. मग परातीवर सावली पडली. सासूबाई माझ्या पडवीत उभ्या होत्या. उंबरठ्याच्या अलीकडे. डाव्या हातात त्यांचा सोवळ्यातला तांब्या होता, ज्याला हात लावायची आम्हा दोघांनाही बंदी. त्या वाकल्या आणि त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या पिठात ओतलं. डाव्या हाताला सवय नव्हती, त्यामुळे जरा जास्तच ओतलं.

"रोज तो घालत होता," त्या म्हणाल्या. "आज मी घातलं. बघतेस काय, कालव."

मी कालवलं. दही नाही, दूध नाही, त्यात पाणी जास्त. शेगडी पेटवताना हात माझे, पण बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी चालत होती. वरचे निखारे भडकले, खाली धग कमी पडली. मफिन फुगलेच नाहीत. आप्पेपात्रातून खरवडून काढावे लागले. सासूबाई माझ्या पाटावर, माझ्या पडवीत बसल्या होत्या. मी ताटली त्यांच्यासमोर ठेवली, मधे कुणी नव्हतं. त्यांनी दोन बोटांनी एक उचलला, चावला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "वरून करपलाय, आतून गिच्च आहे. तुझ्या आईने काही शिकवलं की नाही तुला?"

आणि दुसरा घेतला.

मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. लग्नात वाटला नव्हता एवढा आनंद मला त्या क्षणी झाला. मी पदर तोंडाला लावून मोरीत गेले आणि तिथे उभी राहून हसले, आणि मग पुन्हा रडले, या वेळी रागाने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर सगळ्यांच्या आधी पोचले. बायका जमेपर्यंत थांबले. मग बादली नळाखाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काय सांगू बाई, आमच्या सासूबाईंना माझ्या हातचं काही म्हणजे काही आवडत नाही."